गोळी रोजची, जेवण उरलेलं

रक्त तपासायला गेलं की लॅबच्या बाहेरच्या बाकावर बसावं लागतं. तिथं नवीन पेशंट लगेच ओळखू येतो. त्यानं फाईल छातीशी धरलेली असते, आणि सोबतच्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुमची पण रक्त पातळ करायची गोळी का? मग काय काय बंद केलं तुम्ही?"

आधी मी हौसेनं सांगायचे. आता सांगताना दमते. गोष्ट अर्ध्यात येते तोवर कुणाचं तरी नाव पुकारतात आणि ती बाई अर्धं ऐकून उठून जाते. अर्धं ऐकलेलं किती महागात पडतं ते मी भोगलंय. म्हणून हे लिहून काढतेय.

मी डॉक्टर नाही. बजाजनगरात घरी ब्लाऊज शिवते. माझ्या हृदयाची एक झडप बदललेली आहे, ती कृत्रिम आहे, आणि तिच्यामुळं ही गोळी मला जन्मभर आहे. अशा गोळ्याही आता वेगवेगळ्या निघाल्यात, काहींना जेवणाचं एवढं बघावं लागत नाही म्हणतात. त्यामुळं माझं वाचून कुणी आपली गोळी किंवा आपलं जेवण बदलू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त माझ्या घरात काय झालं ते सांगते.

अशक्तपणा

धाप मला कित्येक वर्षं लागत होती. आमचं घर वरच्या मजल्यावर. जिन्यात मधेच थांबायचे आणि कुणी बघत असलं तर पदर नीट केल्यासारखं करायचे. सगळे म्हणायचे, अशक्तपणा आहे. बाईला काहीही झालं की त्याचं नाव अशक्तपणाच असतं. मी पण तेच म्हणायचे आणि टॉनिकची बाटली आणायचे.

मग खोकला सुरू झाला. आडवं झालं की जास्त यायचा, म्हणून मी भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायला लागले. माझी मुलगी शीतल तेव्हा कॉलेजात होती. ती एके दिवशी कॉलेज बुडवून मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथं सोनोग्राफीसारखीच हृदयाची तपासणी झाली. मग डॉक्टर म्हणाले, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का?"

आला होता. माझं माहेर पाचोडचं. तेव्हा मी आठवड्याच्या बाजाराला वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते, कारण पाय खाली टेकवत नव्हते. मला आजवर ती मजा म्हणून आठवत होती. खांद्यावरून सगळा बाजार दिसला होता. डॉक्टर म्हणाले, त्याच तापानं तुमची झडप धरली, आणि ती इतकी वर्षं आवळत आली. आता बदलावी लागेल.

माझे मिस्टर वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. ते तिथूनच थेट आले होते. कानात घालायच्या बोळ्यांची दोरी तशीच गळ्यात लोंबत होती. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "गोळ्यांनी नाय का भागणार?"

"नाही."

परत येताना मी गाडीवर त्यांच्या मागं बसले होते. नगर नाक्याच्या पुढं एका रसवंतीजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "रस पिती का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रस्त्यात गाडी थांबवून यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, आपलं दुखणं मोठं आहे.

जपून

ऑपरेशनचं फार सांगत नाही. शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती आणि सगळीकडं गारठा होता. नळी काढल्यावर कुठूनतरी बारीक टकटक ऐकू यायला लागली. मी सिस्टरला विचारलं, घड्याळ कुठं लावलंय? ती हसली आणि म्हणाली, "ती तुमची झडप वाजतेय, मावशी. सवय होईल." झाली सवय. शांत खोलीत बसलं की आजही ऐकू येते.

हॉस्पिटलमधला दिवस सुया, गोळ्या, बेचव खिचडी आणि फुग्यासारखं एक यंत्र फुंकणं यातच जायचा. खोकला आला की उशी छातीशी गच्च दाबून धरायची. त्या सगळ्यात एक सुख आठवतं. वॉर्डात झाडू मारणाऱ्या मावशीनं एका सकाळी माझे केस पाहिले, हातातलं काम ठेवलं आणि गुंता काढून दोन वेण्या घालून दिल्या. शाळकरी पोरीच्या घालतात तशा. मला हात वर करता येत नव्हते. कुणीतरी आपली वेणी घालतंय या सुखानं मी रडले, आणि रडताना छाती दुखली.

घरी सोडलं त्या दिवशी सिस्टरनं गोळ्या समजावून सांगितल्या. मागं दुसरा पेशंट थांबलेला, ती घाईत होती. म्हणाली, "ही रक्त पातळ करायची. रोज एकाच वेळेला. विसरायची नाही. हिरव्या पालेभाज्या जपून."

तिनं चुकीचं काही सांगितलं नाही. पण "जपून" हा शब्द आमच्या घरी पोचेपर्यंत "बंद" झाला होता.

मिस्टरांनी घरात पाय ठेवल्या ठेवल्या फ्रिजमधली मेथीची जुडी काढून शेजारी देऊन टाकली. पालक, शेपू, अंबाडी सगळ्याला बंदी. वरणावर कोथिंबीर टाकलेली असली की माझ्या ताटातून चमच्याच्या टोकानं एकेक पान वेचून बाहेर काढायचे. मी लहान लेकरासारखी हात मांडीवर ठेवून बसून राहायचे.

माझ्या सासूबाई आमच्याजवळच असतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गंगापूरकडच्या आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना हे पटेना.

"छाती फाडलेल्या बाईला भाजीपाला नाय द्यायचा, मग ताकद कुठून येणार? बटाट्यातून?"

"माय, डॉक्टरनं सांगितलंय."

"जपून म्हणली ना ती पोरगी? उपाशी मार म्हणली का?"

मग त्यांनी गावाकडून शेवग्याच्या पाल्याची पूड मागवली. रोज चमचाभर दुधातून घे म्हणाल्या. मिस्टरांनी ती डबीसकट बाहेर फेकली. मायलेकांची माझ्या ताटावरून अशी भांडणं व्हायची की मला वाटायचं, आपण जेवलोच नाही तर बरं. आता विचार केला तर दोघंही अर्धे बरोबर होते आणि अर्धे चुकत होते. पण तेव्हा घरात कुणालाच ते कळत नव्हतं. मी वरण-भात, बटाटा, वांगं, भाकरी यावर राहिले. तोंडाची चव गेली. पोट साफ होईना. नखं पांढरी दिसायला लागली.

आणि एवढं करूनही रिपोर्ट जागेवर राहीना.

या रिपोर्टचं साध्या भाषेत सांगते. रक्त किती पातळ आहे त्याचा एक आकडा येतो. तो डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दोन आकड्यांच्या मधे राहायला हवा. खाली घसरला तर झडपेवर रक्ताची गुठळी धरायची भीती. फार वर गेला तर रक्त वाहायची भीती. माझा कधी वर, कधी खाली. वर गेला की ब्रशला रक्त लागायचं, मांडीवर आपोआप निळे डाग पडायचे, शिवताना सुई टोचली की बोट कितीतरी वेळ दाबून धरावं लागायचं. खाली गेला की काहीच कळायचं नाही, आणि डॉक्टर म्हणायचे की तेच जास्त धोक्याचं. मग गोळी अर्धी वाढवा, अर्धी कमी करा, पुन्हा या. बजाजनगरातून शहरात जायचं, दंड पुढं करायचा, परत यायचं. त्या काळात मला ऑपरेशनपेक्षा या येरझाऱ्यांनी जास्त थकवलं.

प्रत्येक रिपोर्टनंतर मिस्टर विचारायचे, "काय खाल्लं होतंस?"

"काहीच नाही हो."

"मग हे असं कसं?"

मला खरंच माहीत नव्हतं.

हिवाळा

घरातली सगळी माणसं किती दिवस बटाट्यावर राहणार? मुलगा ओंकार कंपनीत लागलेला, शीतलचं कॉलेज, दोघांनाही डबे. शेवटी मिस्टरच म्हणाले, "आमच्यासाठी कर पालेभाजी. तू नको खाऊ." मी करायला लागले.

हिवाळ्यात आमच्याकडं भाजीपाल्याचा सुकाळ असतो. गंगापूरहून दीर एस.टी.त पिशवी ठेवून पाठवायचे. हरभऱ्याचा पाला, मेथी, करडई. पिशवी घरात उघडली की खोलीभर शेताचा वास सुटायचा. मी निवडायचे, धुवायचे, शिजवायचे आणि सगळ्यांना वाढायचे.

आमच्या घरी जेवायची एक पद्धत आहे. पद्धत म्हणून कुणी घालून दिलेली नाही, पडत गेली. सकाळी मिस्टरांचा डबा, ओंकारचा डबा, शीतलचा डबा. दुपारी आत्याबाई. मग मशीनवरचं हातातलं काम संपवून मी. संध्याकाळीही तसंच, सगळ्यांचं झालं की मी. कढईत जे असेल ते. कधी मिस्टरांचं जेवण कंपनीतच व्हायचं, मग सगळी मेथी तशीच उरायची. कधी सगळ्यांनी पुसून खाल्लेलं असायचं, मग मी लोणच्याबरोबर भाकरी खायचे. अन्न टाकायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. भाजी दुसऱ्या दिवशी काळी पडते. मग मी भाकरीच्या तुकड्यानं कढई पुसून घ्यायचे.

हे मी कुणापासून लपवत नव्हते. मी खोटंही बोलत नव्हते. माझ्या मते मी पालेभाजी खात नव्हतेच, मी उरलेलं संपवत होते. आपल्या घरांत बायका ते जेवणात धरत नाहीत.

कात्री

एका दुपारी मी एका नवरीचा ब्लाऊज बेतत होते. बाही कापताना हातातून कात्री पडली. वाटलं, निसटली. उचलली, पुन्हा पडली. उजवा हात माझा नसल्यासारखा.

कॉटवरून आत्याबाईंनी विचारलं, "काय पडलं गं?"

मला "कात्री" म्हणायचं होतं. तोंडातून वेगळाच आवाज आला. शब्द नव्हताच तो. मी पुन्हा म्हणायला गेले, पुन्हा तसाच आवाज. मला कात्री समोर दिसत होती, तिचं नाव डोक्यात होतं, पण ते जिभेपर्यंत येत नव्हतं. एवढी भीती मला ऑपरेशनला नेतानाही वाटली नव्हती. तेव्हा निदान ओरडता आलं असतं.

आत्याबाईंचे गुडघे गेलेत, भिंतीला धरून त्या सावकाश उठतात. त्या दिवशी त्या एवढ्या पटकन कशा उठल्या मला माहीत नाही. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"मंगल, इकडं बघ. माझ्याकडं बघ. नाय, डोळे मिटू नको."

मग गॅलरीत जाऊन त्यांनी अशी हाक मारली की खालच्या मजल्यावरच्या काकू चप्पल न घालता वर आल्या. काकूंनी रिक्षा बोलावली, माझी फाईल काखेत मारली आणि मला घेऊन निघाल्या.

नगर रोडला रिक्षा लागली तेव्हा मी तोंडातल्या तोंडात तोच शब्द जुळवत होते. छावणीच्या अलीकडं तो आला. "कात्री." काकू दचकल्या. मी पुन्हा म्हणाले, कात्री. पुन्हा म्हणाले. हॉस्पिटल येईपर्यंत तोच एक शब्द म्हणत होते, परत जाईल या भीतीनं. रिक्षावाला आरशात बघून काकूंना म्हणाला, "आंटी, घबराव मत, अब तो बात कर रही ना वो."

डोक्याचे फोटो, हृदयाची तपासणी, पोटात इंजेक्शनं. पोट निळं-जांभळं झालं. रक्ताचा आकडा पार खाली गेलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, बारीकशी गुठळी मेंदूकडं जाऊन विरघळली असावी. या वेळी तिनं सोडलं तुम्हाला. हात परत आला, बोलणं परत आलं. कुणाकुणाचं येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं आलं नव्हतं. तिचा मुलगा तिला दिवसभर "आई म्हण, आई म्हण" करत बसायचा. मी तिकडं पाठ करून झोपायचे.

मॅडम

त्या खेपेला एक डॉक्टर मॅडम मला बघायला येत. दुसऱ्या दिवशी त्या स्टूल ओढून बसल्या. तोवर माझ्याशी कुणी डॉक्टर बसून बोललं नव्हतं. मिस्टर उभे होते.

"गोळी चुकली होती का?"

"एकही नाही," मी म्हणाले.

"पालेभाज्या?"

मिस्टर मधेच बोलले, "मॅडम, बंद आहेत. पूर्ण. मी स्वतः ताट बघतो तिचं."

"संध्याकाळचं पण?"

"मी असतो तेव्हा बघतो. नंतर ती..." ते थांबले.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "परवा काय जेवलात?"

"भाकरी. आणि जे उरलं होतं ते."

"काय उरलं होतं?"

"हरभऱ्याची भाजी. जरा जास्तच उरली होती, गावाकडून आलेली."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"मेथी. मुलगा जेवला नव्हता."

"आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात?"

 मी म्हणाले, "मॅडम, माझं काही ठरलेलं नसतं. सगळ्यांचं झालं की बघते."

 रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बंद करा असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मिस्टरांनी मान खाली घातली.

मग त्यांनी सांगितलं. पालेभाजीत असं एक जीवनसत्त्व असतं की ते रक्त गोठायला मदत करतं. गोळी त्याच्या उलट काम करते. तुम्ही एक आठवडा काहीच हिरवं खाल्लं नाही आणि पुढच्या आठवड्यात कढईभर खाल्लं, तर गोळीनं कुणाचं ऐकायचं? खायचं बंद केल्यावर तर थोडी भाजीसुद्धा जास्त हलवून टाकते. म्हणून भाजी सोडायची नाही. थोडी खायची, पण रोज खायची, आणि रोज जवळजवळ तेवढीच.

"गोळी आम्ही कमी-जास्त करू," त्या म्हणाल्या. "जेवण तुम्ही कमी-जास्त करू नका. तुमचं जेवण ठरलं की गोळी त्याला जुळवून देता येते. पण तुमचं जेवण दुसऱ्यांच्या पोटावर अवलंबून असेल तर मी काय जुळवू?"

उठताना आणखी सांगितलं. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. काढा, पूड, कुणी काहीही दिलं तरी आधी विचारायचं. लांबलचक उपास नाहीत. ताप आला, जुलाब झाले, जेवण तुटलं तर कळवायचं. आणि मिस्टरांना म्हणाल्या, "यांचं ताट तपासू नका. आधी वाढा."

वाटी

सांगायला सोपं होतं.

घरी आल्यावर मी एक स्टीलची वाटी ठरवली. भाजी झाली की कढईतून पहिली ती भरायची आणि झाकून ठेवायची. ती माझी. मग बाकीच्यांचे डबे. पहिल्या दिवशी वाटी भरताना मी दाराकडं पाहिलं, कुणी बघतंय का. चोरी केल्यासारखं वाटलं. नवऱ्याच्या, लेकरांच्या आधी मी माझं काढून घेतेय.

आत्याबाई बघत होत्या. "आधी बाईनं काढायचं व्हय," एवढंच म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, त्यांना नवल वाटलं होतं. पण मला टोमण्यासारखाच लागला.

जेवायची वेळ ठरवणं त्याहून कठीण. एक वाजता जेवायचं ठरवलं की एक वाजताच गिऱ्हाईक येतं. "ताई, दोनच मिनिटं, फक्त गळा बघा." बऱ्याच दिवसांनी मी म्हणायला शिकले, "बसा, जेवून येते." एकीला राग आला, ती परत आलीच नाही. नवरात्रात मी नऊ दिवसांचे उपास धरायचे, ते सुटले. मला फार चुकल्यासारखं वाटत होतं. आत्याबाईच म्हणाल्या, "तुझ्या नावानं मी धरते. देवीला काय, माणूस जेवलेलं पायजे का नाय?"

मिस्टरांचं मात्र बदलेना. आधी कोथिंबीर वेचायचे, आता वाटी बघायचे. भरली का, का नाही भरली, सगळी खाल्ली का. कंपनीतून फोन करायचे. "आज कोणती भाजी? किती घेतलीस?" एका रविवारी मी घास तोंडात घालणार तेवढ्यात ते म्हणाले, "जरा जास्त वाटती का आज?" मी ताट सरकवलं.

"जेवू द्या हो मला! एक घास तरी तुमची नजर न लागता जाऊ द्या."

 मी यांच्यावर असं कधी ओरडले नव्हते. ते उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळानं मी मागं गेले. ते कठड्याला धरून उभे होते.

"मला तुझी झडप दिसत नाय," ते म्हणाले. "रक्त दिसत नाय. तिथं मशीनवर मला सगळं दिसतं. आवाज बदलला की कळतं काय बिघडलंय. इथं मला फक्त तुझं ताट दिसतं."

 मी म्हणाले, "चला, भाजी गार होतेय." त्यांचा फोन नंतरही यायचा, पण कमी झाला. आणि कधीकधी भाजीचं न विचारता नुसतं "काय चाललंय" विचारून ठेवून द्यायचे.

रिपोर्ट हळूहळू जागेवर यायला लागला. एकदम नाही. पण आकडा मधल्या पट्ट्यात यायचा आणि तिथं रमायचा. चकरा कमी झाल्या. नखांना रंग आला. मी मेथी खाते, पालक खाते, शेपू खाते. थोडी, पण रोज. हरभऱ्याचा पाला आला तर तोही, त्याच वाटीत मावेल तेवढाच. बाकावरच्या बायकांना हे सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही.

मधे दाढ दुखली म्हणून वेगळं औषध सुरू झालं आणि सगळं नीट करूनही आकडा वर गेला. पुन्हा चकरा सुरू. मी लॅबच्या बाकावर बसून रडले. आता रडू येत नाही. हे संपणारं नाही, हे कळलंय. रोज गोळी, रोज वाटी, आणि तरीही एखाद्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. माणूस आजाराला भीत नाही एवढा नंतर कंटाळतो. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

उरलेलं कुठं गेलं

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली.

माझी वाटी आधी निघायला लागली, पण घरात उरायचं ते उरतच होतं. शिळा भात, कडक झालेली भाकरी, कढईच्या तळाची भाजी. मी ते खात नव्हते. टाकतही नव्हते. मग जात कुठं होतं?

एका दुपारी मी माझं जेवून मशीनवर बसले. धागा आणायला परत आत गेले तर आत्याबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. उभ्या उभ्या, हातावरच, काल रात्रीचा भात खात होत्या. शेजारी त्यांच्यासाठी मी वाढून ठेवलेलं ताजं ताट तसंच झाकलेलं.

"आत्याबाई, हे काय?"

त्या दचकल्या. "वाया जाईल म्हणून. तुला आता चालत नाय ना."

"आणि ताजं?"

"ओंकार आल्यावर खाईल. त्याला पुरत नाय."

"किती दिवस खाताय तुम्ही असं?"

"आता मला काय गं," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर तेच खाल्लं. मधे तू आलीस म्हणून सुटलं होतं."

मी स्टूल घेऊन तिथंच बसले.  मी वाटी भरली म्हणजे प्रश्न सुटला असं मी समजत होते. तो फक्त माझ्या ताटातून उठून एका म्हाताऱ्या बाईच्या हातावर गेला होता. आणि मी तिला दोष देणार तरी कसा, मी स्वतः इतकी वर्षं तेच केलं होतं.

त्या दिवसापासून मी कमी स्वयंपाक करते. आपल्याकडं बाईनं थोडं जास्तच टाकायचं असतं, कुणी आलं गेलं तर. मी ते सोडलं. दोन वाट्या आधी काढते, एक माझी, एक आत्याबाईंची. मग बाकीचं. उरू नये एवढंच करते. कधी बरोबर होतं, कधी कमी पडतं. आत्याबाईंना ते अजून पचत नाही. "घरात भांडं मोकळं दिसलं की बरं वाटत नाय," म्हणतात.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. ओंकार जनरल शिफ्टहून आला, हातपाय धुऊन आत गेला. झाकण उघडल्याचा आवाज आला.

"मम्मी, भाजी संपली?"

"संपली."

आत्याबाईंचा हात आपल्या ताटाकडं गेला, वाटी उचलायला. मी तो धरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली.  मग फ्रिज उघडला, कांदा चिरल्याचा आवाज आला, तव्यावर तेल टाकलं गेलं, आणि अंडं फुटलं.

"मीठ कुठंय?" त्यानं विचारलं.

"वरच्या फळीवर," आत्याबाई म्हणाल्या, आणि बसल्या जागी पुढचा घास घेतला.